करंडी शाबूत पोचली

मी, महेंद्र विठ्ठल सोनावळे, वय वर्षे अडुसष्ट, धर्म बौद्ध, दूरध्वनी खात्यातून निवृत्त, राहणार कोपर, डोंबिवली पश्चिम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणावाचून लिहीत आहे. दडपण आणायला घरात दुसरे कोणी नाही. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. स्मरणशक्ती इतकी चांगली आहे की ती थोडी कमी असती तर माझे हे दिवस जरा सोपे गेले असते.

वकील रुचिता मॅडमनी मला दीड पानाचा नमुना दिला होता. त्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या होत्या. माझा पहिला खर्डा वाचून त्या म्हणाल्या, "काका, विलमध्ये स्टोरी नसते हो लिहायची. कोणाला काय द्यायचं, बस."

मी विचारले, "आणि का द्यायचं, ते कुठे लिहू?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या, "बरं, लिहा. पण निदान कलमं पाडून लिहा." म्हणून कलमे पाडून लिहितो.

कलम १. वैशाली गेल्यानंतरच्या वर्षी, म्हणजे २०१२ साली, मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात मी स्वतःला ‘ज्येष्ठ नाटककार’ म्हटले होते, तेही रद्द समजावे. मी आयुष्यात एकच नाटक लिहिले.

कलम २. माझी पत्नी वैशाली २०११ साली वारली. आम्हांला मूलबाळ नाही. जवळचा नातेवाईक म्हणजे पुतण्या सुदेश. तो दिव्याला राहतो. तिथे नळाला पाणी आले नाही की तो बायकामुलांना घेऊन माझ्याकडे येतो. सगळे आंघोळी उरकतात, कॅन भरून घेतात आणि जाताना "काका, तब्येत सांभाळा" म्हणतात. सुदेश फक्त पाण्यासाठी येतो, अशी कुरकुर मी सोसायटीत बऱ्याच जणांपाशी केली आहे. ती सगळी मागे घेतो. गेल्या वर्षभरात माझ्या दाराची बेल बहुतेक वेळा त्यानेच वाजवली. आता पेपरात दिव्याचे पाणी बंद असल्याचे वाचले की मी पोहे धुऊन ठेवतो. बँकेतली ठेव सुदेशला द्यावी आणि वैशालीच्या बांगड्या त्याच्या मुलीला.

कलम ३. कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत पुढील सामान आहे: जांभळा मखमली अंगरखा, काखेत उसवलेला, जरीची पगडी, खोट्या मिशांचे तीन जोड, फक्त आवाज करणारा चामडी चाबूक, आणि उजव्या पायाची एक बायकी चप्पल.

हे सगळे ‘वेळूखांडचा वाघ’ या माझ्या नाटकाचे. १९८९ पासून आम्ही ते कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर इथल्या जयंतीच्या मंडपांतून आणि मिळाली तर नाट्यगृहांतून केले. नाटक मी लिहिले आणि त्यातला खलनायक, इनामदार आबासाहेब, मीच केला. वैशाली विंगेतून प्रॉम्प्ट करायची. आबासाहेब काळ्या घोड्यावरून यायचा (टापा टेपवर), दारूचा पेला भिरकावायचा, पोटातून हसायचा आणि तिसऱ्या अंकात हौसा नावाच्या आमच्या महारवाड्यातल्या बाईला उचलून न्यायचा. त्या हसण्याचा मी गच्चीवर जाऊन रियाज करत असे. बदलापूरला एका बाईने तिसऱ्या रांगेतून ही चप्पल फेकली, ती माझ्या कानावर लागली. दुसरी चप्पल मागायला ती आली नाही, आणि मी ही परत द्यायला गेलो नाही. कुठल्याही ढालीपेक्षा मला हिचे अप्रूप होते.

हौसा मी मनाने रचलेली नाही. हौसाबाई माझी पणजी. मुरबाडच्या पलीकडे डोंगराच्या पोटाला वेळूखांड आहे, तिथली. आमच्या घरात तिच्याबद्दल एकच वाक्य होते: हौसाला इनामदाराने पळवले. माझे वडील विठ्ठल हे सांगताना जेवता जेवता थांबत. कधी, कुठे, पुढे काय झाले, हे कोणी विचारत नसे. मग ते मी लिहिले, आणि लोकांनी डोक्यावर घेतले.

ही पेटी कल्याणच्या नाट्यसंस्थेचा दिग्दर्शक सिद्धेश याला द्यावी. चप्पलही द्यावी, पण ती मिरवू नये.

कलम ४. पलंगाखाली एक लोखंडी ट्रंक आहे. ती माझी मालमत्ता नाही, त्यामुळे ती कोणाला देण्याचा मला अधिकार नाही. ती परत करायची आहे. आंबिवलीचे कैलासवासी बाबुराव इनामदार यांची ती ट्रंक, आणि त्यांच्यामागे त्यांची एकुलती एक मुलगी रचना हिची.

२००८ साली कल्याणच्या प्रयोगानंतर मी मिशा सोडवत बसलो होतो. साठीचा एक किडकिडीत माणूस आत आला. अंगावर कारखान्याचा निळा शर्ट. म्हणाला, "मी बाबुराव इनामदार, वेळूखांडचा. तुम्ही आत्ता जे केलेत ते माझे आजोबा."

मला वाटले, हा आता कानाखाली देणार. तो म्हणाला, "काम फस्क्लास करता तुम्ही. मी पण शिव्या घातल्या मनात. पण एक विचारायचं होतं. ते खरंच तसे होते का हो?"

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. जमिनी कुळकायद्यात गेल्यावर त्यांच्या वडिलांनी गाव सोडले होते. हा इनामदाराचा नातू आंबिवलीला दोन खोल्यांत राहत होता आणि कारखाना बंद पडेपर्यंत तिथे कामाला होता. त्या दिवशी त्याला नाटकाला आणले होते ते त्याच्याच पाळीतल्या मित्रांनी. दुसऱ्या दिवसापासून चाळीत त्यांचे नाव ‘आबासाहेब’ पडले. भाजीवालासुद्धा विचारायचा, "या आबासाहेब, आज कोणाला पळवलंत?" सगळे हसायचे आणि बाबुरावही हसायचे. रचना तेव्हा कॉलेजात होती. ती हसायची नाही.

बाबुरावांनी जपलेल्या आणि पुढे माझ्याकडे आणून ठेवलेल्या या ट्रंकेत आबासाहेबांच्या कचेरीची रोजनिशी आणि पत्रे होती, सगळी मोडी लिपीत. इनामदाराच्या नातवाला मोडी येत नव्हती आणि महाराच्या पणतवालाही येत नव्हती. मी ठाण्याला मोडीच्या वर्गाला जाऊ लागलो. दोन वर्षे लागली. २०१२ पासून दर रविवारी दहाच्या सुमाराला बाबुराव माझ्याकडे यायचे, खारी घेऊन. मी भिंग घेऊन बसायचो. ते मांडी घालून म्हणायचे, "हां, वाचा महेंद्रराव."

मी म्हणायचो, "राव तुम्ही. आम्ही कसले राव?"

"आता उलटं झालंय ना," ते म्हणायचे. "दरबार तुमच्याकडे भरतो आणि मी हजेरीला येतो."

मला त्यांच्याइतका जवळचा मित्र आयुष्यात दुसरा मिळाला नाही. वैशाली गेल्यानंतर माझा आठवडा त्या एका सकाळवर चालत होता. शनिवारी संध्याकाळपासून मला बरे वाटू लागायचे.

आता खऱ्या आबासाहेबांविषयी, कारण तेही माझे देणे आहे. त्यांच्याकडे काळा घोडा नव्हता. एक तट्टू होते, तेही लंगडे, आणि त्यांना त्याची भीती वाटायची. त्यांना दमा होता. दारूचा उल्लेख सगळ्या दप्तरात एकदाच आहे, तोही लेपासाठी. धाकटी मुलगी देवीच्या साथीत गेली तेव्हा रोजनिशीत नऊ दिवस काही लिहिलेले नाही, आणि दहाव्या दिवशी फक्त तिचे नाव आहे. ते वाचून आम्ही दोघे रडलो होतो. दुष्काळात त्यांनी कोठार उघडले, गावासाठी बारव बांधली. त्याच बारवेच्या कागदाच्या शेवटी, दगडांच्या मापानंतर, एक ओळ आहे: ‘महारांस बारव वर्ज्य, त्यांनी ओढा वापरावा.’ त्या अक्षरात राग नाही. दगडांची मापे लिहिणाऱ्या हाताने त्याच लयीत ते लिहिले आहे.

ती ओळ मी बाबुरावांना वाचून दाखवली होती. त्यांनी उठून माझ्या माठातून पाणी घेतले, प्याले आणि म्हणाले, "पुढं वाचा." त्या दिवशी मला वाटले होते की या माणसाला मी काहीही वाचून दाखवू शकेन.

कलम ५. ट्रंकेतले एक पान ट्रंकेत नाही. ते माझ्या कपाटात, वैशालीच्या फोटोमागे पाकिटात आहे. २०१३ च्या एका गुरुवारी, रविवारची तयारी करताना, ते मला सापडले. सन १८९९ मधले. त्यातला मजकूर असा:

‘वैशाख वद्य सप्तमी. कल्याणास प्रांतसाहेबांकडे आंब्यांच्या करंड्या चार रवाना. वेठीस महार असामी चार. पैकी हौसा कोम धोंडू ही वाटेत मयत जाहली. करंडी शाबूत पोचली. परतीचे सामानास बदली तिचा नवरा धोंडू यास लाविले.’

खाली दुसऱ्या हाताने आबासाहेबांचा शेरा: ‘पाहिले.’

कोम म्हणजे बायको. वेठ म्हणजे फुकट राबणूक. बोलावले की जायचे. कल्याणला इंग्रज प्रांतसाहेबाच्या दरबारात आपली खुर्ची दुसऱ्या रांगेत का, म्हणून आबासाहेब दोन वर्षे पत्रे लिहीत होते. हे आंबे त्यासाठी होते. साहेबाची पोचही आहे: आंबे उत्तम, दोन डागी.

म्हणजे हौसाबाईला कोणी पळवले नाही. पळवून नेण्याची गरजच नव्हती. ज्याने निरोप धाडला की माणूस डोक्यावर ओझे घेऊन उभे राहते, तो घोडा कशाला उधळील? मी पंचवीस वर्षे जो नराधम केला, तो लोकांना आवडायचा, कारण त्याला शिव्या घातल्या की बाकीचे सगळे मोकळे होत. ओळ लिहिणारा कारकून मोकळा, निरोप घेऊन येणारा पाटील मोकळा, आंबे खाणारा साहेब मोकळा. बारवेवर पाणी भरणारे आणि तिला जाताना पाहणारे अख्खे गाव मोकळे. प्रेक्षक घरी जाऊन शांत झोपायचे. मीसुद्धा झोपायचो.

हे पान मी बाबुरावांना वाचून दाखवले नाही.

पहिले कारण मी स्वतःला सांगितले ते नाटकाचे. त्या वर्षी आठ प्रयोग ठरले होते, आणि तिसरा अंक खोटा निघाला तर नाटकात उरते काय? पान सापडल्यानंतरही मी दोन वर्षे तो अंगरखा घालून तसाच हसलो. दुसरे कारण माझा पणजा धोंडू. बायको वाटेत पडली, आणि परतीच्या ओझ्याला त्यालाच लावले, आणि तो गेला. त्याला न जाऊन चालणार नव्हते, हे मला समजते. तरी ती ओळ मोठ्याने वाचायची मला लाज वाटली. आमच्या घरात ‘पळवले’ हे कोणी रचले असेल, तेही मला तेव्हाच कळले. माझा आजोबा तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला बापाने काहीतरी सांगणे भाग होते.

पण ही दोन्ही कारणे वरवरची आहेत. खरे कारण सांगतो. बाबुराव माझ्याकडे येत होते ते एका प्रश्नाचे उत्तर शोधायला. उत्तर मिळाले की ते कशाला येतील? मला रविवार जायला नको होता. एवढ्यासाठी मी एका भल्या माणसाला अकरा वर्षे त्याच्या आजोबांविषयी ताटकळत ठेवले.

ते दर दोन-तीन महिन्यांनी विचारायचे, "तुमच्या पणजीचं काही निघालं नाही ना अजून?" मी म्हणायचो, "नाही."

मागच्या वर्षी फेब्रुवारीत ते कल्याणला इस्पितळात होते. मी भेटायला गेलो. नाकात नळी होती. म्हणाले, "झाले का सगळे कागद?"

"झाले."

"मग... त्यांनी नेलं नव्हतं ना हो तिला?"

‘नाही’ म्हणणे खरे ठरले असते. त्या एका शब्दाने त्या माणसाला बरे वाटले असते. पण ‘नाही’ म्हटले की ‘मग काय झालं’ हा प्रश्न आला असता, म्हणून मी म्हणालो, "कागदावरून तसं काही सांगता येत नाही, बाबुराव." त्यांनी मान हलवली. तिसऱ्या दिवशी ते गेले. स्मशानात चाळीतले एक गृहस्थ, अगदी जीव लावून रडत, म्हणाले, "आपले आबासाहेब गेले." रचनाने तेव्हा माझ्याकडे पाहिले. तिला काही माहीत नव्हते, तरी मला तिच्यासमोर उभे राहवेना.

हे पान, आणि त्याचे मी केलेले देवनागरी वाचन, रचनाला द्यावे. तिने त्याचे काय करावे, हे मी सांगणार नाही.

कलम ६. ‘वेळूखांडचा वाघ’ या नाटकाच्या प्रयोगांचे हक्क सिद्धेशला देत आहे, पण एका अटीवर. तिसरा अंक करू नये. त्याऐवजी चार माणसे डोक्यावर करंड्या घेऊन रंगमंचावर चालत राहतील. थोड्या वेळाने तीन माणसे आणि चार करंड्या राहतील. कोपऱ्यात कारकून लिहीत बसेल. आबासाहेब येईल, मजकूर वाचील, खोकेल, एक शब्द लिहील आणि जेवायला जाईल. हसणार नाही.

हे मी सिद्धेशला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "सर, कन्सेप्ट भारीये. पण मग व्हिलन कोण? पब्लिकनं शिव्या कोणाला घालायच्या?"

मी म्हटले, "तेच तर."

"नाय सर, म्हणजे खरंच विचारतोय. लोक बोअर होतील."

होऊ देत. अट मान्य नसेल तर नाटक बंद ठेवावे.

याच कलमात एक जुने भांडणही मिटवतो. १९९४ च्या ठाण्याच्या स्पर्धेत एका परीक्षकांनी लिहिले होते की खलनायक फार काळाकुट्ट आहे, त्याला एखादी हळवी बाजू द्यावी. त्यांच्याशी मी मरेपर्यंत, म्हणजे ते मरेपर्यंत, बोललो नाही. ते बरोबर होते, असे म्हणावेसे वाटते, पण तसेही नाही. हल्ली सगळेच तसे लिहितात: दुष्टाला लहानपणीचे एखादे दुःख द्यायचे, म्हणजे तो खरा वाटतो. आबासाहेबांना हळवी बाजू होती. ती मुलीसाठी नऊ दिवस कोरी पाने ठेवण्याइतकी होती. फक्त ती ओढ्याच्या अलीकडेच संपायची, आणि ती संपते हे त्यांच्या ध्यानातही येत नव्हते. हे कसे लिहायचे, ते मला जमले नसते. परीक्षकांनाही जमले नसते. तरी अबोला धरायला नको होता.

कलम ७. कोपर येथील माझी राहती सदनिका, एक खोली, हॉल आणि स्वयंपाकघर, आतल्या भांड्याकुंड्यांसह, मी रचना बाबुराव इनामदार हिला देत आहे. ती कल्याणच्या एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे आणि अजून आंबिवलीच्या त्याच भाड्याच्या खोल्यांत राहते. हे घर म्हणजे भरपाई आहे का, असे कोणी विचारील. आहे. दुसरे माझ्याकडे काही नाही. तिने घर नाकारले, किंवा काही कारणाने तिला ते मिळू शकले नाही, तर ते सुदेशला जावे. पाणी इथे दोन्ही वेळ येते.

कलम ८. लाभ घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, नंतर भांडणे उभी राहतात, असे रुचिता मॅडमनी बजावले आहे. शंकेला जागा नको म्हणून मीच ठरवून टाकतो: जी व्यक्ती या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करील तिला माझ्या मालमत्तेतून काहीही मिळणार नाही. साक्षीदार दोन लागतात. एक समोरच्या विमलाबाई कबूल झाल्या आहेत. दुसरे माणूस मला तीन आठवडे सापडलेले नाही. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात सही करताना शेजारी उभी राहतील अशी दोन माणसे जमू नयेत, याचे मला वाईट वाटते. मी एकटा पडलो आहे. हे वाक्य कायद्याचे नाही, पण ते इथेच लिहायचे होते.

कलम ९. माझ्यामागे त्रिशरण-पंचशील घ्यावे, भाषणे करू नयेत. त्या हसण्याची जुनी टेप कोणाकडे असेल तर ती लावू नये.

पुरवणी, सहीपूर्वी लिहिलेली. आज रविवार. ट्रंक न्यायला ये, असे मी रचनाला फोनवर सांगितले होते. ती साडेदहाला आली. मेल्यानंतर कळण्यापेक्षा आत्ताच कळावे, म्हणून मी वरची नऊ कलमे तिच्या हाती दिली आणि चहा करायला आत गेलो. चहा दोनदा उकळून आटला. बाहेर यायचे धाडस होत नव्हते.

शेवटी तिनेच हाक मारली. "काका, ते पान आणा."

मी फोटोमागून पाकीट काढले. ती म्हणाली, "मला नका देऊ. बाबांना वाचून दाखवायचात ना, तसं वाचा."

मी भिंग घेतले आणि वाचले. मध्ये दोनदा थांबलो. धोंडूची ओळही मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर तिने विचारले, "खाली ते ‘पाहिले’ म्हणजे काय?"

"म्हणजे कारकुनानं लिहिलं ते आबासाहेबांनी वाचलं. त्यांना कळलं."

"कळलं आणि पुढं काही केलं नाही."

"नाही."

ती पानाकडे बघत म्हणाली, "तुम्ही पण तेच केलंत, काका. अकरा वर्षं."

मी नाकारले नाही. मी म्हटले, "हो."

मग ती रडली. मी जवळ जाऊन बसायला हवे होते की नको, ते मला कळले नाही. मी समोरच उभा राहिलो. थोड्या वेळाने नाक पुसून ती म्हणाली, "घर मला नकोय. ते सुदेशदादाला द्या. त्या घरात बसून मी काय करू, रविवार मोजू?"

मी म्हटले, "तुझी मर्जी."

"दुसरा साक्षीदार मिळाला?"

"नाही."

"मी करते सही."

मी तिला कलम आठ पुन्हा वाचून दाखवले. ती म्हणाली, "कळतंय मला, म्हणून तर करते. बाबांच्या बदल्यात घर घेतलं असं नको कोणी म्हणायला. तुम्ही हे लिहिलंत, आणि माझ्यासमोर सही केलीत, एवढं मी कोर्टात पण सांगीन. माफ केलं असं नाही सांगणार. पान मी आजच नेते, तुम्ही जायची वाट बघत नाही बसणार."

पान तिने पर्समध्ये न ठेवता हातातच धरले आहे. विमलाबाईंना बोलावले आहे, त्या हात पुसत येत आहेत. पुरवणी इथे संपते. वरील सर्व मजकूर माझाच आहे, खरा आहे, आणि तो लिहायला मी उशीर केला आहे.

ठिकाण: कोपर, डोंबिवली पश्चिम
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५

(सही) महेंद्र विठ्ठल सोनावळे

आम्हां दोघींच्या समक्ष, शुद्धीवर असताना, श्री. सोनावळे यांनी वर सही केली आणि आम्ही त्यांच्या समक्ष सह्या करीत आहोत.

साक्षीदार पहिली: (सही) विमलाबाई तुकाराम भोईर, राहणार समोरची खोली. मी मजकूर वाचलेला नाही, सही होताना पाहिली.

साक्षीदार दुसरी: (सही) रचना बाबुराव इनामदार, राहणार आंबिवली. मी मजकूर पूर्ण वाचला आहे. तो माझ्या वडिलांना वाचून दाखवायला हवा होता.